ताबा कोणाचा?

बँकेत बावीस वर्षं खर्डेघाशी केल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणी जमीन घेतली, की अभिनंदन करण्याऐवजी मी विचारतो, "सर्च रिपोर्ट पाहिलात का?" मग जमीन शेजाऱ्याची असो की अमेरिकेची.

१८०३ साली अमेरिका होती अवघी सत्तावीस वर्षांची. तिचे प्रतिनिधी पॅरिसला गेले न्यू ऑर्लिन्स बंदर मागायला. तिकडून उलट सवाल आला, "सगळाच लुइझियाना घेता का?" म्हणजे रुमाल घ्यायला जावं आणि दुकानदारानं दुकानच गळ्यात बांधावं! सव्वाआठ लाख चौरस मैल, दीड कोटी डॉलर. एकरी सुमारे तीन सेंट. देश एका सहीत दुप्पट. खिशात रोकड नव्हतीच. सहा टक्क्यांचे रोखे दिले. ते वटवायला लंडनची बेअरिंग पेढी पुढे आली. इंग्लंडचं नेपोलियनशी पुन्हा युद्ध जुंपलं तरी व्यवहार अडला नाही. बँकवाल्यांची जात, दुसरं काय!

आता टायटल. नेपोलियनला हा प्रांत स्पेनकडून मिळाला होता, 'तिसऱ्याला देणार नाही' या वचनावर. घेणाऱ्या जेफरसनला वाटे, असा अधिकार आपल्या घटनेत नाही. तरी घेतला. आमच्या मॅनेजरांनी असली फाईल भिरकावली असती.

आणि शेवटचा रकाना : प्रत्यक्ष ताबा कोणाचा? ओसेज, पॉनी, लकोटा. त्यांना कुणी विचारलंच नाही. खरं तर अमेरिकेनं विकत घेतला तो त्यांच्याकडून जमीन घेण्याचा हक्क. ती जमीन पुढं तह करून, लढाया करून वेगळी घेतली.

हे सगळं मी ऐटीत धाकट्या भावाला ऐकवत होतो. त्यानं शांतपणे कागद पुढं सरकवला. गावच्या घराचं खरेदीखत. "टायटल क्लिअर आहे दादा. सही कर."

होतंच क्लिअर. आमच्या वडिलांचं नाव, मग आमची दोघांची. फक्त त्या घरात चाळीस वर्षं आत्या राहते, आणि ती कुठल्याच कागदावर नाही.

पेन खिशात ठेवलं आणि रविवारी एस.टी. धरली. आत्या अंगण सारवत होती. म्हणाली, "कळलंय मला. विका की. मला कोण विचारतंय?"

"विचारायलाच आलोय, आत्या."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मग आधी चहा घे. उत्तर इतक्यात नाही मिळायचं."