पोट, औषध आणि तवक्कुल

पवित्र कुरआनने माणसाचे खाणेपिणे श्रद्धेच्या कक्षेबाहेर ठेवलेले नाही. सूरह आराफमध्ये (७:३१) अल्लाहने खाण्यापिण्याची मुभा दिली आणि त्याच आयतीत अतिरेकाला मनाई केली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही मर्यादा मापाने समजावून सांगितली. हजरत मिकदाम बिन मादीकरिब (र.) यांच्या कथनानुसार, कणा ताठ राहील एवढे थोडे घास माणसाला पुरेसे आहेत, अधिक खायचेच असेल, तर पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा (तिर्मिजी). ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. तरीही रमजानमध्ये दिवसभर विसावलेल्या पोटावर मगरिबच्या अजानबरोबर भजी, समोसे आणि सरबत यांचा असा मारा होतो की तरावीहमध्ये उभे राहणे जड जाते.

परंतु या लेखाचा विषय केवळ मिताहार नाही. पोटाच्या आरोग्याविषयी आज सर्वत्र बोलले जाते आणि त्याबरोबर मध, कलौंजी, अंजीर, जव यांची महतीही सांगितली जाते. त्यांवर ‘तिब्बे नबवी’ अशी मोहोर उमटली की श्रद्धावंताचे मन अधिकच ओढ घेते. येथे दोन प्रश्न उभे राहतात. निसर्गातून थेट मिळालेले औषध दवाखान्यातील औषधापेक्षा अल्लाहच्या अधिक जवळचे असते काय? आणि डॉक्टरांची गोळी सोडून केवळ मध-कलौंजीवर विसंबणे म्हणजे तवक्कुल काय?

पोट आणि मन यांचे नाते खरे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी असतात आणि व्हेगस नावाच्या चेतेद्वारे आतडे व मेंदू यांच्यात सतत संदेशांची देवाणघेवाण चालते. मनःस्थितीशी संबंध असलेल्या सेरोटोनिन या द्रव्याचा सुमारे ९० टक्के भाग आतड्यात तयार होतो. तो जसाच्या तसा मेंदूत पोहोचत नाही, हेही लक्षात ठेवावे. मोठ्या आतड्यातील असंख्य सूक्ष्मजंतू ज्वारी, जव, डाळी, पालेभाज्या यांतील तंतुमय भागावर जगतात आणि त्यापासून आतड्याच्या पेशींना पोषक अशी द्रव्ये बनवतात. म्हणजे भाकरी, आमटी, भाजी आणि ताक हे आपले साधे जेवण पोटाची मोठी सेवा करते.

हे वाचताना ‘तलबीना’ची हदीस आठवल्याशिवाय राहत नाही. जवाच्या पिठाची ही पातळ लापशी आजारी माणसाच्या अंतःकरणाला आराम देते आणि दुःख काहीसे हलके करते, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे हजरत आयेशा (र.) कथन करतात. घरात मृत्यू झाला की त्या ती करायला सांगत (बुखारी). शोकाकुल माणसाला घास गिळवत नाही. अशा वेळी कोणीतरी मऊ, कोमट अन्न शिजवून त्याच्यापुढे ठेवावे, ही करुणा या हदीसमध्ये आहे. तिला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही. विज्ञानाने हदीस सिद्ध केली असे आज उत्साहाने सांगणाऱ्याने उद्या विज्ञानाचे मत बदलले तर काय करायचे, याचाही विचार करावा.

आता मधाकडे वळू. सूरह नहलमध्ये (१६:६९) मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या पेयात लोकांसाठी शिफा असल्याचे म्हटले आहे. इमाम इब्ने कसीर (रह.) यांनी आपल्या तफसीरमध्ये काही विद्वानांचे एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवले आहे. अरबीत येथे ‘शिफा’ हा शब्द निश्चयदर्शक ‘अल्’ न लावता आला आहे. तो लावला असता तर मध हे प्रत्येक रोगावरील औषध ठरले असते. कलौंजीविषयीच्या प्रसिद्ध हदीसमध्ये मृत्यूखेरीज प्रत्येक आजारावर तिच्यात शिफा असल्याचे म्हटले आहे (बुखारी). तिच्याबाबतही इमाम खत्ताबी (रह.) यांनी सांगितले की येथे शब्द व्यापक असला तरी अभिप्रेत अर्थ मर्यादित आहे. म्हणजे या वचनांवर नितांत श्रद्धा असलेल्या विद्वानांनीच त्यांचा अर्थ लावताना विवेक राखला. आपण मात्र त्यांचे जाहिरातीतील वाक्य करून टाकतो.

हाच निष्काळजीपणा आणखी एका बाबतीत दिसतो. पोट हे रोगांचे घर आणि पथ्य हे औषधांचे शिर, या आशयाचे एक वचन आपल्याकडे सर्रास हदीस म्हणून ऐकवले जाते. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी स्पष्ट केले आहे की ते प्रेषितांचे (स.) वचन नसून अरबांचा वैद्य हारिस बिन कलदा याचे आहे. विचार चांगला असला तरी जे प्रेषितांनी (स.) म्हटले नाही, ते त्यांच्या नावावर खपवण्याची परवानगी आपल्याला नाही.

या हारिसची आणखी एक आठवण अधिक बोलकी आहे. हजरत साद बिन अबी वक्कास (र.) आजारी पडले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना त्याच हारिसकडे जाण्यास सांगितले, कारण तो वैद्यक जाणणारा होता (अबू दाऊद). हारिसने इस्लाम स्वीकारला होता की नाही, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. स्वतः अल्लाहचे प्रेषित समोर असताना रुग्णाला जाणकाराकडे पाठवले गेले, एवढे तरी या घटनेतून निर्विवाद शिकता येते.

औषधे आणि दुआ अल्लाहने ठरवलेली तकदीर बदलतात काय, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की तीही तकदीरचाच भाग आहेत (तिर्मिजी). या उत्तरात आपल्या पहिल्या प्रश्नाचा उलगडा आहे. मधमाशी अल्लाहने निर्माण केली, तशीच बुरशीपासून प्रतिजैविक शोधणारी मानवी बुद्धीही त्यानेच दिली. एक साधन दैवी आणि दुसरे ऐहिक, ही विभागणी आपण केलेली आहे.

पोटाच्या अल्सरचेच उदाहरण घ्या. मानसिक ताण आणि तिखट खाणे यांमुळे तो होतो, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानत होते. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवून दिले की बहुतांश अल्सरमागे एक जिवाणू असतो. त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. असा अल्सर प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो. त्या रुग्णाला केवळ पथ्य आणि मध देत राहिलो, तर अल्लाहने खुला केलेला शिफाचा एक दरवाजा आपण आपल्या हाताने बंद करतो.

एकदा जुम्याच्या नमाजनंतर कलौंजीच्या तेलाचा एक विक्रेता मला भेटला. या तेलाने मधुमेहाच्या गोळ्या सुटतात, असे खुतब्यात सांगावे, असा त्याचा आग्रह होता. मी नकार दिला, तेव्हा त्याने विचारले, “मौलाना, तुमचा हदीसवर विश्वास नाही का?” मी म्हणालो, “हदीसवर आहे, तुमच्या बाटलीवरच्या मजकुरावर नाही.” मिंबरवरून उच्चारलेला शब्द लोक धर्म म्हणून स्वीकारतात. तो ऐकून एखाद्याने इन्सुलिन बंद केले आणि त्याची प्रकृती ढासळली, तर जाब विक्रेत्यालाही द्यावा लागेल आणि मलाही. वैद्यक जाणत असल्याची ख्याती नसताना जो उपचार करतो, तो हानीला जबाबदार धरला जाईल, ही हदीस (अबू दाऊद) प्रत्येक सल्लागाराने स्मरणात ठेवावी.

तवक्कुल म्हणजे साधनांचा त्याग नव्हे. साधन वापरताना मन त्या साधनावर न टेकवता अल्लाहवर टेकवणे म्हणजे तवक्कुल. गोळी घेऊन तिलाच तारणहार मानणारा आणि कलौंजी खाऊन तिलाच तारणहार मानणारा, दोघेही एकाच चुकीच्या वाटेवर आहेत. शिफा देणारा केवळ अल्लाह आहे.

सूरह तकासुरच्या अखेरीस (१०२:८) बजावले आहे की त्या दिवशी देणग्यांविषयी अवश्य विचारणा होईल. निरोगी पोट ही त्यांपैकी एक मोठी देणगी आहे. म्हणून आपण ताटात थोडे कमी घ्यावे आणि शेजारच्या उपाशी घराची चौकशी करावी. मध, जव, कलौंजी आवडीने खावी. मात्र मधुमेह असेल तर मधाविषयी डॉक्टरांना विचारावे आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. चालू औषध कोणाच्या ऐकीव सल्ल्यावरून सोडू नये. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर नवा उपाय सुचवण्यापूर्वी त्याच्यासाठी दुआ करावी.

अल्लाह आपणा सर्वांना देहाची ही ठेव जपण्याची आणि त्याच्या प्रेषितांच्या (स.) नावाने केवळ सत्यच सांगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.