पुसलेली सही : एका शरीररचनाग्रंथाविषयी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

भारतीय शास्त्रचर्चेत सिद्धांत मांडण्यापूर्वी विरोधी मत, म्हणजेच पूर्वपक्ष, संपूर्ण बळानिशी उभे करण्याची रीत आहे. उत्तरपक्षाला बोलण्याचा अधिकार त्यानंतरच मिळतो. ज्या प्रश्नात दोन्ही बाजू अंशतः खऱ्या असतात, तेथे ही रीत विशेष उपयोगी पडते. व्हिएन्ना येथील शरीररचनाशास्त्रज्ञ एदुआर्द पेर्नकोफ याच्या अ‍ॅटलासचा, म्हणजे मानवी देह थरामागून थर उलगडून दाखवणाऱ्या चित्रग्रंथाचा, प्रश्न असाच आहे.

या ग्रंथाचा पहिला खंड १९३७मध्ये प्रसिद्ध झाला आणि पेर्नकोफच्या १९५५मधील मृत्यूनंतरही काम चालू राहिले. सुमारे ८०० जलरंगचित्रांचा हा संग्रह अचूकपणात अजोड मानला गेला. त्याच्या कर्त्याची बाजू मात्र वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. पेर्नकोफ १९३३मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. मार्च १९३८मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर तो व्हिएन्ना विद्यापीठाच्या वैद्यकशाखेचा अधिष्ठाता झाला, आणि शाखेतील १९७ अध्यापकांपैकी १५३ जणांना, ज्यांत बहुसंख्य ज्यू होते, पदावरून दूर करण्यात आले. विद्यापीठाने पुढे नेमलेल्या चौकशीचा १९९८चा अहवाल सांगतो की, नाझी राजवटीत मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ व्यक्तींचे देह पेर्नकोफच्या संस्थेकडे विच्छेदनासाठी आले. त्यांपैकी अनेकांचा अपराध राजवटीला विरोध करणे एवढाच होता. कोणते चित्र कोणाच्या देहावरून काढले, हे चित्रागणिक सांगता येत नाही. हा ग्रंथ समोर ठेवून एक शल्यचिकित्सक आणि एक इतिहासकार यांनी वाद करावा, अशी कल्पना केल्यास तो पुढीलप्रमाणे चालेल.

शल्यचिकित्सक : ज्ञान मिळवणाऱ्या हातांचा मळ ज्ञानाला लागतो, हे घटकाभर मान्य केले, तरी त्याची शिक्षा टेबलावरील रुग्णाने का भोगावी? अमेरिकेतील सेंट लुइस येथील शल्यविशारद सुसान मॅकिनन यांना २०१४मध्ये एका रुग्णाच्या पायातील वेदना देणारा मज्जातंतू शस्त्रक्रिया चालू असताना सापडेना, तेव्हा त्यांनी याच ग्रंथातील चित्रांचा आधार घेतला आणि तंतू सापडला. बारीक तंतूंचे असे चित्रण अन्यत्र सहज मिळत नाही. ग्रंथ मिटून ठेवला असता, तर त्या मृतांपैकी कोणाचे हित झाले असते?

इतिहासकार : आपला युक्तिवाद बळकट आहे, परंतु तो १९४०च्या सुमारास व्हिएन्नाच्या विच्छेदनगृहातही तितकाच बळकट ठरला असता. माणूस तर मारला गेलाच आहे, देह मातीत जाणारच आहे, मग तो विद्येच्या कामी का येऊ नये, असे तेथेही म्हणता आले असते. जे तर्कशास्त्र अपराध्याला आणि उपकारकर्त्याला सारखेच उपयोगी पडते, केवळ त्याच्यावर निर्णय टाकता येत नाही.

शल्यचिकित्सक : मग संमती हा निकष लावावा. पण तो लावला, तर केवळ पेर्नकोफ अडचणीत येत नाही. इंग्लंडमध्ये १८३२च्या कायद्याने बेवारस मृतदेह शरीररचनेच्या शाळांना देण्याची वाट मोकळी केली, आणि मुंबई इलाख्यातही १९४९च्या शरीररचना कायद्याने बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपवण्याची तरतूद केली. वर्षानुवर्षे विद्यार्थी ज्या देहांवर शिकले, त्यांतील कितीकांना कोणी विचारले होते? दारिद्र्य हीच त्यांची संमती मानली गेली.

इतिहासकार : हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, आणि तो आपल्या दोघांच्याही अंगावर येतो. तरीही दोन्ही प्रसंगांत भेद आहे. बेवारस देहाच्या बाबतीत राज्यसंस्थेला मृत सापडतो. व्हिएन्नात राज्यसंस्था मृत निर्माण करत होती. न्यायालय शिक्षा देई, शिरच्छेदाचे यंत्र ती अमलात आणी आणि संस्थेचे टेबल देह स्वीकारी; या साखळीतील अखेरची कडी विद्वानांची होती. नियमित येणाऱ्या देहांना एकदा पुरवठा म्हणून पाहण्याची सवय लागली की, ते कोठून येतात हा प्रश्नच उद्भवत नाही. गरिबाचा देह विचारल्याविना घेणे हा अन्याय आहे. परंतु ज्याला विचार केल्याबद्दल मारले, त्याचा देह घेणे म्हणजे त्या हत्येत सहभागी होणे आहे.

शल्यचिकित्सक : तसे असेल, तर ग्रंथ नष्ट करावा काय? तसे केल्यास मृतांचा अखेरचा पुरावाही नाहीसा होईल आणि अपराध्याच्या मनासारखेच घडेल.

इतिहासकार : नष्ट करण्याचा आग्रह नाही. खरा आक्षेप या ग्रंथाच्या लपवलेल्या भागाविषयी आहे. एरिक लेपियर हा चित्रकार आपल्या सहीच्या शेवटी स्वस्तिक काढत असे. कार्ल एंटट्रेसरने आपल्या नावातील दोन अक्षरे एस.एस. या नाझी दलाच्या चिन्हात लिहिली होती. पुढील आवृत्त्यांत ही चिन्हे पुसून टाकण्यात आली. चित्र ठेवले आणि सही पुसली, या एका कृतीमुळे अनेक देशांतील डॉक्टर कित्येक दशके ग्रंथाची स्तुती करत राहिले आणि त्यांना काहीही खटकले नाही. हॉवर्ड इस्रायल आणि विल्यम साइडेलमन या दोन डॉक्टरांनी चित्रांमागील देहांविषयी प्रश्न उपस्थित केले. जेरुसलेममधील याद वाशेम या ज्यू संहाराच्या स्मारकसंस्थेनेही १९९५मध्ये चौकशीची मागणी केली. त्यानंतर विद्यापीठाने शोध घेतला आणि ग्रंथ असलेल्या ग्रंथालयांकडे त्याची पार्श्वभूमी सांगणारे पत्रक पाठवले.

शल्यचिकित्सक : म्हणजे दोष वापराचा नसून विस्मरणाचा आहे. ही चित्रे वापरावीत की नाही, या मॅकिनन यांच्या शंकेवर रब्बी जोसेफ पोलाक यांनी दिलेला निर्णयही याच दिशेने जातो. लहानपणी स्वतः नाझी छावणीतून वाचलेले हे ज्यू धर्मशास्त्रज्ञ २०१७च्या ‘व्हिएन्ना प्रोटोकॉल’ या नियमावलीचे कर्ते आहेत. ज्यू धर्मशास्त्रात ‘पिकुआख नेफेश’, म्हणजे जीव वाचवण्याचे कर्तव्य, हे तत्त्व जवळजवळ प्रत्येक निर्बंधाच्या वर ठेवलेले आहे. त्याच्या आधारे त्यांनी चित्रे वापरण्यास अनुमती दिली. अट एवढीच की, ही चित्रे काय आहेत हे सर्वांना सांगितले जावे, म्हणजे मृतांना त्यांची प्रतिष्ठा थोडी तरी परत मिळेल.

इतिहासकार : ती अनुमती आदरास पात्र आहे, परंतु तिची अट सोपी वाटते तेथेच धोका आहे. ग्रंथाच्या आरंभी एक पत्रक चिकटवले, भाषणाच्या आधी एक वाक्य उच्चारले आणि पुढे काम सुरू केले, तर स्मरण हे केवळ आन्हिक बनते. चोरीचा माल आहे असे सांगून विकल्याने माल शुद्ध होत नाही.

शल्यचिकित्सक : तर मग आन्हिकात अर्थ कशाने उतरतो? आपल्याकडील तर्पणात, म्हणजे पूर्वजांना पाणी देण्याच्या विधीत, ज्यांना कोणी नातलग उरला नाही अशांसाठीही ओंजळ सोडली जाते. ओंजळ सोडणारा त्यांना ओळखतही नाही. तरी ते देणे आपल्या वाट्याचे आहे, असे तो मानतो.

इतिहासकार : हा दृष्टांत योग्य आहे, कारण तर्पणाने ऋण फिटते असे कोणी मानत नाही, ते दरवर्षी नव्याने मान्य केले जाते. मान्यता मात्र कृतीत दिसली पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली अशी की, ज्याच्या शरीरावर या चित्रांचा उपयोग होणार आहे, त्याला शक्य तेथे आधी सांगावे आणि नकार देण्याची मुभा द्यावी. संमतीचा जो अधिकार त्या मृतांना नाकारला गेला, तो निदान त्यांच्या चित्रांतून जगणाऱ्या माणसाला मिळावा. दुसरी अशी की, स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांच्या आधारे तितकाच सूक्ष्म ग्रंथ तयार करण्याचे कर्तव्य या ग्रंथाच्या वापरकर्त्यांवर येते.

शल्यचिकित्सक : म्हणजे हा ग्रंथ वापरणाऱ्याने तो अनावश्यक व्हावा यासाठीच झटावे.

इतिहासकार : होय, अन्यथा रुग्णाच्या हिताचा आधार ही केवळ सोय ठरेल.

या संवादात कोणताही पक्ष टोकाच्या भूमिकेला चिकटून राहिला नाही. शल्यचिकित्सकाने ज्ञान निष्पाप असते असा आग्रह धरला नाही, आणि इतिहासकाराने दूषित ज्ञान सर्वस्वी वर्ज्य असते हा दावा केला नाही. तरी एक प्रश्न दोघांच्याही आवाक्याबाहेर राहतो : ज्यांचे देह रंगवले गेले, त्यांच्या वतीने अनुमती देण्याचा अधिकार शल्यचिकित्सकाला नाही, इतिहासकाराला नाही आणि रब्बीलाही नाही. रब्बींची अनुमतीसुद्धा जिवंतांना उद्देशून आहे. म्हणून १९९०च्या दशकात ज्याची छपाई थांबली, त्या या ग्रंथाची जुनी प्रत उघडणाऱ्याला सर्वांत प्रामाणिक पाठ पुसलेल्या सहीच्या जागी सापडतो, कारण तेथे काय होते हे ठाऊक असल्याविना पुढील चित्र पाहणे म्हणजे पुन्हा एकदा कोणालाही न विचारता घेणे होय.