खोटी साक्ष की करुणा?

सीप्झच्या आवारातील भग्न चर्च १५७९ साली बांधले गेले आणि १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ओस पडले. तेथील भाविक मरोळला आले. अशा वास्तूपुढे उभे राहिले की इतिहास किती थोडे सांगतो हे उमगते. चर्चच्या नोंदवहीत स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू सापडतात. माणसाच्या मनातले मौन सापडत नाही. ते मौन कादंबरीकाराने भरावे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

टॉम क्रू हे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनच्या इतिहासावर केंब्रिजची डॉक्टरेट मिळविलेले अभ्यासक. त्यांची ‘द न्यू लाइफ’ ही पहिली कादंबरी २०२३ साली प्रसिद्ध झाली. साहित्यिक जॉन ॲडिंग्टन सिमंड्स व डॉक्टर हॅवलॉक एलिस यांनी समलिंगी प्रेमावर मिळून सिद्ध केलेला ग्रंथ हा तिचा आधार. सिमंड्स विवाहित होते, चार मुलींचे पिता होते. आपले अंतरंग त्यांनी आत्मकथनात लिहून ठेवले. ते १९८४ साली छापले गेले. सिमंड्स वारले १८९३ मध्ये, ऑस्कर वाइल्ड यांना शिक्षा झाली १८९५ मध्ये. क्रू यांनी नावे थोडी बदलून आपल्या नायकाला त्या खटल्यापर्यंत जिवंत ठेवले आहे.

मग ही आठव्या आज्ञेने निषिद्ध ठरविलेली खोटी साक्ष नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. खोटी साक्ष ऐकणाऱ्याला फसविते. कादंबरी आपण कल्पित असल्याचे आधीच सांगते. उधळ्या पुत्राचा दाखला घडलेली घटना म्हणून कोणी वाचत नाही, तरी त्यातील सत्य उणे होत नाही. मात्र एक पथ्य हवे: मृताच्या मौनाचा उपयोग केवळ आपला पक्ष मांडण्यासाठी करू नये. नायकाच्या सत्याची किंमत त्याच्या पत्नीलाही मोजावी लागते, हे क्रू लपवीत नाहीत. म्हणूनच त्यांची साक्ष आम्हांस विश्वसनीय वाटते.

हा प्रश्न केवळ लंडनचा नाही. ब्रिटिश राजवटीतील १८६० च्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू नाही, असा अंतिम निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. मराठीतही सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये एकाच तरुणावर प्रेम करणारे भाऊ-बहीण एकाच घरात आपापले दुःख सोसतात.

विवाहाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपणांस ठाऊक आहे. परंतु १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकारावे, असेही बजावले आहे. पहिली शिकवण आपण मुलांना पाठ करवितो. दुसरी घरी कितीदा उच्चारतो? जेथे ती उच्चारली जात नाही, तेथे एखादा मुलगा वा मुलगी आयुष्यभर गप्प राहते, आणि शेजारी त्या मौनालाच सुस्वभाव म्हणतात. मृतांचे मौन कादंबरीकार भरील; जिवंतांचे ऐकणे हे आपले कर्तव्य आहे.