नोट्स घेणं हे दान आहे का?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायला हवं म्हणून, परतफेडीची वाट न बघता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून, किंवा मनात कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, समोरच्याचा मान न ठेवता दिलेलं ते तामस.

दान म्हटलं की आपल्याला आधी पैसे आठवतात. मला आज शनिवारचं काम आठवलं. गेलं वर्षभर मी सुट्टीच्या दिवशी कॉलेजातल्या एका अंध मुलाशेजारी अर्थशास्त्राच्या तासाला बसतो. कानावर पडतं ते तो स्वतःच लॅपटॉपवर लिहून घेतो, माझ्यापेक्षा भरभर. माझ्याकडे फक्त फळा असतो. सर हात करून म्हणतात, "आता ही रेघ इकडे सरकली." कुठली रेघ, कुठे सरकली, हे मी टाइप करायचं : "मागणी वक्र उजवीकडे सरकला, पुरवठा वक्र जागेवरच, म्हणून किंमत आणि विक्री दोन्ही वाढले."

ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, "भारी आहे, पुण्य कमावतोयस!" आणि तिथेच मला प्रश्न पडला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्पष्ट आहे की शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोयी करून द्यायच्या. परीक्षेतला लेखनिक आणि जादा वेळ यांचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे फळ्यावरचं त्याच्यापर्यंत पोहोचणं हा त्याचा हक्क झाला. मग ज्याचं त्याला देण्यात दान कसलं आणि पुण्य कसलं?

उत्तर त्याच श्लोकात आहे असं मला वाटतं. सात्त्विक दानाची पहिली खूणच ही, की ते देणं लागतो म्हणून दिलेलं असतं. मी मोठ्या मनाचा आहे म्हणून नव्हे. डोळस मुलांना फळा आपोआप मिळतो, त्याबद्दल ती कुणाचे आभार मानत नाहीत. मग यानंच दर शनिवारी कृतज्ञ चेहरा करून का बसावं? तो "थँक्यू दादा" म्हणाला तर छान, नाही म्हणाला तरी हिशेब पूर्ण आहे. आभाराची वाट बघायला लागलो की मी राजस रांगेत जाऊन उभा राहिलो.

देश आणि काळ यांचा अर्थही इथे अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. नोट्स त्याच संध्याकाळी मिळाल्या तर उपयोग, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठवून काय करायचं? हातानं लिहिलेल्या वहीचा फोटो पाठवला तर साधा स्क्रीन रीडर त्यापुढे मुका होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं तर तो भलतंच वाचतो. बरं, आमच्याकडे जो स्क्रीन रीडर वापरतात, तो एनव्हीडीए, त्याचं काम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध मित्रांनी तो घडवला आणि जगाला फुकट दिला. कोण देणारा आणि कोण घेणारा, हे आपण किती घाईनं ठरवतो!

राहिला मान. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "दादा, फळ्यावर आहे ते सगळं लिहा. गाळायचं ते मी गाळीन." मला गणपतीबाप्पांची गोष्ट आठवली. महाभारत लिहून घेताना व्यासांनी त्यांना अट घातली होती, की अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. नोट्स घेणाऱ्याला दोन्ही अटी लागतात. समजून लिहायचं, आणि स्वतःची निवड त्यात घुसवायची नाही. "त्याला एवढं पुरे" हे मी ठरवणं दिसायला मदत असते, पण त्यात त्याचा मान जातो. तिसऱ्या श्लोकात भगवंतांनी नेमकं तेच टाळायला सांगितलंय.

आपल्या ज्ञानेश्वरीचंच बघा ना. शके १२१२ मध्ये माउली सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. शेवटच्या ओवीत त्यांचा उल्लेख येतो तो आदरानं लेखक झाले असा. त्या लिहिण्यात त्यांनी आपलं काही मिसळलं नाही, आणि सातशेहून अधिक वर्षं आपण माउलींचा शब्द वाचतोय.

आजचा छोटासा प्रयत्न : तुमच्या कॉलेजात किंवा ओळखीत कुणा दिव्यांग विद्यार्थ्याला नोट्स लागत असतील तर मदत जाहीर करण्याआधी त्यालाच विचारा, "तुला कशा हव्यात?" आणि तो सांगेल तशाच द्या.

राम कृष्ण हरी! 🙏