मुलांचे मौन आणि गृहस्थाचा धर्म

क्षमा हा थोर गुण आहे, असे आपण मुलांना शिकवितो. परंतु वर्गातील दांडगी मुले ज्याला रोज हिणवितात, ज्याचा डबा हिसकावितात, ज्याला खेळातून मुद्दाम वगळतात, त्याला ‘सहन कर’ असे सांगणे हा क्षमेचा उपदेश होय काय? आणि ‘तूही दोन ठेवून दे’ असे सांगणे हा शौर्याचा उपदेश होय काय? रायपूरच्याच नव्हे, तर देशभरातील प्रत्येक गृहस्थाने या प्रश्नाचा विचार करणे अवश्य आहे.

गीता ज्या रणांगणावर सांगितली गेली, त्या युद्धाचे एक बीज हस्तिनापूरच्या मुलांच्या खेळात पडले होते. बाल भीम धृतराष्ट्रपुत्रांना केस धरून ओढी, पाण्यात बुडवून धरी, ती झाडावर चढली की झाडाला लाथ मारून त्यांना फळांसह खाली पाडी. हे सारे तो पोरवयाने करी, द्रोहबुद्धीने नव्हे, असे आदिपर्वात स्पष्ट म्हटले आहे. परंतु ज्यांना ते सोसावे लागे, त्यांना तो खेळ वाटत नव्हता. दुर्योधनाच्या मनात वैर साठत गेले आणि गंगातीरी त्याने भीमाला अन्नातून विष दिले. हे कृत्य कधीच क्षम्य ठरत नाही. पण पुढे काय झाले? विदुराने कुंतीला मौनाचा सल्ला दिला, आणि भीम वाचून परतल्यावर युधिष्ठिरानेही ही गोष्ट कोठे न बोलण्यास त्याला बजाविले. बोलल्यास इतरांच्या जिवाला धोका होता. भीष्मांसारखे वडीलधारे असलेल्या घरात मुलांना सत्य सांगण्यास निर्भय जागा नव्हती, हा त्या कथेतील खरा दोष होय.

आजही छळले जाणारे मूल बहुधा तक्रार करीत नाही. सांगितल्यास छळ वाढेल ही भीती आणि आपणच दुबळे ही लाज, या दोहोंनी त्याची वाचा बंद होते. म्हणून मातापित्यांनी लक्षणे ओळखावीत. शाळेच्या वेळी पोट दुखते, सुटीच्या दिवशी दुखत नाही, वह्यापुस्तके वारंवार हरवतात वा फाटतात, अंगावरील खरचटल्याचे कारण मूल टाळते, नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने येते, झोपेत दचकते, धाकट्या भावंडावर उगाच हात उगारते. आता छळ शाळेच्या फाटकापाशी थांबतही नाही. मोबाईलवाटे तो रात्री घरात शिरतो. एखाद्या लक्षणाने काही सिद्ध होत नाही, पण अनेक एकत्र दिसली तर जवळ बसून विचारावे.

पहिला उपाय श्रवण हा होय. १८७७ साली किशोरवयीन नरेंद्र, म्हणजेच पुढील काळचे स्वामी विवेकानंद, रायपूरला आले व सुमारे दोन वर्षे येथे राहिले. येथे तेव्हा योग्य शाळा नव्हती. वडील विश्वनाथ दत्त घरीच त्यांच्याशी नाना विषयांवर बोलत आणि त्यांना स्वतःचे मत मांडू देत. ज्या घरात मुलाच्या शब्दाला एरवी मान असतो, त्याच घरात ते संकटही सांगते. सांगितल्यावर ‘तू काय केले होतेस?’ असे न विचारता ‘सांगितलेस हे चांगले केलेस’ असे म्हणावे.

दुसरा उपाय निर्वैर प्रतिकाराचा. निर्वैर पुरुष द्वेष सोडतो, अन्यायाचा प्रतिकार सोडीत नाही, असे लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त प्रतिपादिले आहे. रायपूरशी ज्यांचे आयुष्य निगडित होते, त्या माधवराव सप्रे यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद १९१६ साली निघाला. व्यवहारात याचा अर्थ असा: काय, कोठे, केव्हा घडले ते लिहून ठेवावे; मोबाईलवरील संदेश पुसू नयेत; मुलाला विश्वासात घेऊन वर्गशिक्षकांना व मग मुख्याध्यापकांना लेखी कळवावे; दुसऱ्याच्या मुलाला रस्त्यात गाठून दरडावू नये; आणि आठ दिवसांनी पुन्हा चौकशी करावी. छळ शिक्षकाकडूनच होत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविला आहे, हे स्मरावे. संकटात १०९८ हा बालसाहाय्य क्रमांकही आहे.

तिसरे कर्तव्य सर्वांत कठीण. आपलेच मूल भीमाच्या जागी असेल तर? ‘मुलेच ती’ म्हणून हसण्यावारी नेणारे मातापिता त्याचे अकल्याण करतात. मुले तिरस्कार वडीलधाऱ्यांकडून शिकतात. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव आंबेडकरांना बसण्यास घरून गोणपाट आणावे लागे, आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. तो नियम मुलांनी केला नव्हता, थोरांनी केला होता. म्हणून जात, रंग, बोली किंवा व्यंग यांवरून घरात कोणाची थट्टा होत नाही ना, हे प्रथम पाहावे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून आरंभ होते. जो स्वतः भीत नाही आणि दुसऱ्याला भिववीत नाही, तोच क्षमेचा खरा अधिकारी. ते अभय मुलाला प्रथम घरातच मिळाले पाहिजे.