बिल भरल्यावर उरणारे देणे

रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की मी उठून तो बंद करतो. ही सवय लहानपणची. इंदूरच्या आमच्या जुन्या घरी, माणूस खोलीतून उठले की दिवा मालवायचा, असा आजीचा दंडकच होता. गेल्या उन्हाळ्यात चिरंजीव मला म्हणाले, “बाबा, बिल मी भरतो ना? मग तुम्हाला त्रास कशाचा?” बोलण्यात उद्धटपणा नव्हता. प्रश्न मात्र मनात राहिला.

जी वस्तू आपण मोल देऊन घेतली, ती वाया घालविण्याचा अधिकारही त्या मोलात येतो काय? कायद्याने पाहू गेल्यास येतो. आयुष्यभर शासकीय नस्त्यांवर टिपणे लिहिलेल्या माणसाला हे मान्य करावेच लागते. पण त्याच नोकरीत २००४ सालच्या उन्हाळ्यात कामानिमित्त हरसूदला जाणे झाले. इंदिरा सागर धरणाच्या पाण्याखाली ते गाव जायचे होते. लोक आपापल्या घरांच्या चौकटी, पत्रे, विटा स्वतःच्या हातांनी उतरवीत होते. एक वृद्ध गृहस्थ पाडलेल्या ओट्याच्या जागी खुर्ची टाकून बसले होते. आमची जीप थांबली तरी त्यांनी मान वर केली नाही. त्या धरणावर एक हजार मेगावॉटचे वीजगृह आहे. त्यातील कोणता अंश माझ्या दिव्यात येतो हे कोणालाच सांगता यायचे नाही, कारण सगळी वीज एकाच जाळ्यात मिसळते. परंतु त्या गृहस्थांच्या ओट्याची किंमत माझ्या बिलात आकारलेली नाही, एवढे मी निश्चित सांगू शकतो. बिलात उत्पादनाचा खर्च असतो. दुसऱ्याने जे सोसले, त्याचा रकाना नसतो.

पाण्याचेही तेच. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळते. सुमारे सत्तर किलोमीटरवरील जलूदहून ते पंपांनी विंध्याचा चढ चढवून आणावे लागते. म्हणजे आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की पाण्याबरोबर वीजही गटारात जाते. हे चिरंजीवांना सांगितले तेव्हा ते क्षणभर थांबले.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. नंतर जे घडले ते सांगायला संकोच वाटतो. आमच्याकडे दुपारी काम करणाऱ्या मावशी मागच्या पडवीत बसून धान्य निवडतात, भांडी घासतात. तिथला पंखा मी जाता-येता बंद करीत असे. बैठकीतले वातानुकूलन यंत्र मात्र चालू असे. पाहुणे येतात, माझ्या रक्तदाबाला बरे पडते, अशी कारणे होती. एके दिवशी नात म्हणाली, “आजोबा, पंखा का बंद केलात? मावशी बसल्या आहेत ना तिथे!” मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने मान पुसून त्यांनी पुन्हा सूप हाती घेतले.

मी हिशेब केला. जुना पंखा पंचाहत्तर वॉटचा. दोन तासांत पाव युनिटही जळत नाही. बैठकीतले यंत्र तेवढी वीज दहा मिनिटांत घेते. आंघोळीचा दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास विसरला की पुरे एक युनिट जाते, आणि तो विसरणारा मीच. मी वाचवीत होतो ती वीज मावशींच्या घामाची होती. हरसूदच्या गृहस्थांचे उदाहरण मुलाला देणारा मी, घरातही दुसऱ्याकडूनच किंमत वसूल करीत होतो. काटकसर आणि कृपणता यांतला भेद आपण पैशात शोधतो. मला तो सोसणारा कोण, यात दिसू लागला आहे.

आता पडवीत तीस वॉटचा नवा पंखा आहे व त्याचे बटण मावशींच्या हाती आहे. बैठकीत सव्वीस अंश ठेवतो. पहिले आठ दिवस जड गेले. गीझर लावला की घड्याळ समोर ठेवतो. चिरंजीवांच्या खोलीत अजूनही कधीकधी पंखा रिकामाच फिरत असतो. मी तो बंद करतो, पण आधी आत कोणी नाही ना, हे डोकावून पाहतो.