द्वादशीचा राग

माउली, आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलेले ‘हॅम्लेट’ आठवा. बापाचा मारेकरी चुलता प्रार्थनेला बसलेला पाहून राजपुत्राची तलवार थांबते. दयेने नव्हे! प्रार्थनेत मेला तर स्वर्गाला जाईल. पाप करताना गाठू, हा हिशेब. चुलत्याचे मन तर प्रार्थनेत नव्हतेच.

कल्याणच्या घराच्या वाटणीवरून भावाशी माझा वाद होता. एकादशीला तोंड विटाळू नये म्हणून गप्प राहिलो. द्वादशीला पारणे होताच दुप्पट बोललो. कीर्तनात मात्र क्षमा सांगत होतो! श्रद्धेने राग नुसता पुढे ढकलला होता.

ज्ञानोबारायांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा दुष्टपणा जावा एवढेच मागितले. आपली एकादशी राग थांबवते की विझवते? ते द्वादशीला पाहावे.

रामकृष्ण हरी.